डाव्या बुटातला सुकतळा

माझं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात सापडायचं नाही, मित्रांनो. छत्री, फळा, नदी, वडाचं झाड या मोठ्या मंडळींनी आपापल्या कहाण्या केव्हाच सांगून टाकल्या. मला विचारणार कोण? मी बुटाच्या आत राहणारा. वर पाय, खाली बूट आणि मधल्या अंधारात मी. मला सुकतळा म्हणतात. पायाला आधार मिळावा म्हणून बुटात घालतात ना, तो आतला तळ. त्यातही मी डावा. उजवा माझा जुळा भाऊ.

आमचा जन्म मुंबईतल्या एका इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ऐंशी साल नुकतंच सरलं होतं. कारागिरानं समोरच्या माणसाला एका मोठ्या कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीनं त्याच्या पावलाभोवती रेघ काढली. त्या रेघेवरून आम्हाला कापलं. खाली बुचाचा थर, त्यावर स्पंजासारखं पण घट्ट रबर, आणि सगळ्यात वर पातळ, गुळगुळीत चामडं. मधोमध त्यानं थोडा उंचवटा ठेवला. त्या उंचवट्यामुळे माणसाचा भार नुसत्या टाचेवर आणि बोटांवर न पडता सगळ्या पावलावर वाटला जातो.

कागदावर उभ्या राहिलेल्या त्या माणसाचं नाव गोटीराम. उंच, काळासावळा, हसला की डोळे मिटायचे. पण त्या दिवशी तो हसत नव्हता. त्याच्या डाव्या पावलाच्या बोटांवर पांढरी पट्टी होती, आणि पट्टीतून डोकावणारी नखं निळसर दिसत होती.

त्याची हकिगत मी तिथेच ऐकली. त्याची बायको केशरबाई ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती.

गोटीराम नेरूळ गावातला. त्याचे आजे-पणजे खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. तोही लहानपणापासून अनवाणी खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढायचा. पुढे त्या जमिनीवर नवं शहर उठायला लागलं, मिठागरं गेली आणि गोटीराम तळोज्याच्या एका कारखान्यात लागला. पिंपं भरायचं काम. दिवसभर सिमेंटच्या ओल्या जमिनीवर एका जागी उभं राहायचं, तेही बूट घालून. जोडीला विडी. एक विझली की दुसरी.

हळूहळू त्याचे पाय गार पडायला लागले. कडक उन्हातसुद्धा गार. थोडं चाललं की पोटरी आवळून यायची. मग पाय दुखेनासे झाले. घरातल्यांना वाटलं, बरं झालं. पण ते बरं होणं नव्हतं, मित्रांनो. पाय बधिर झाले होते.

गोटीरामची आई सुमित्राबाई मोठी मायाळू. लेकाचे पाय बर्फासारखे लागतात म्हणून तिनं तिला ठाऊक असलेला उपाय केला. मिठागरातल्या घरात दुखण्याला दुसरा कसला उपाय असणार? तव्यावर जाडं मीठ चांगलं तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि त्याच्या पावलांना शेक दिला.

"भाजत नाय ना रं, गोट्या?" ती विचारत होती.

"नाय गं आये. मना तर कायच लागत नाय. दे अजून."

तिनं अजून दिला. सकाळी पाहतात तो बोटांवर हे मोठे फोड! ते फुटले, चिघळले, आणि मग धावत-पळत खाडीवरचा पूल ओलांडून मुंबईचं इस्पितळ.

"गोटीरामभाऊ, नीट ऐका," डॉक्टर वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या पायांच्या नसा आतून आवळत चालल्यात. खाली रक्तच धड पोचत नाही. रक्त नाही तर जखम भरणार कशी? ही भरतेय, ते तुमचं नशीब. पुन्हा जखम झाली तर पाय वाचेल अशी गॅरंटी मी देणार नाही."

केशरबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मंग करायचा काय, बाई?"

"विडी बंद. आजपासून, उद्यापासून नाही. औषधं घ्यायची. रोज चालायचं, पोटरी दुखली की थांबायचं आणि पुन्हा चालायचं. चालण्यानंच रक्ताला वाट मिळते. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. हे तळ बुटात घालायचे. यांनी काही रक्त वाढत नाही हं, आधीच सांगते. पण पायाला कुठे टोचणार नाही, घासणार नाही, एका जागी भार येणार नाही. तेवढं यांचं काम."

तेवढं माझं काम. मी ते मनावर घेतलं.

पट्टी निघाली आणि आमची नोकरी सुरू झाली. गोटीरामचं पाऊल माझ्यावर पहिल्यांदा टेकलं, तेव्हा मी दचकलो. इतकं जड आणि इतकं थंड! वाटलं, ओला दगड ठेवलाय. पण रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या आवारात चालायला लागला. थांबत, श्वास घेत, पुन्हा चालत. आणि एके दिवशी परत येताना मला त्याच्या टाचेत किंचित ऊब लागली. तान्ह्या बाळाच्या तळव्याला असते ना, तशी कोवळी. मी उजव्याला म्हटलं, "तुला लागली का रे?" तो म्हणाला, "लागली." आम्हा दोघांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

कारखान्यात गोटीरामचा दोस्त होता, धर्मराज. तो थट्टा करायचा.

"काय रे गोटी, बुटात गादी टाकलीस म्हनं? आता उशी पन आन. झोप तितंच!"

"हस, हस. तुजे पाय गार परले ना, का मंग येशील माज्याकरं."

"बरं, एक विडी तर घे. एकीनं काय व्हतंय?"

अशा वेळी गोटीरामचं सगळं अंग ताठ व्हायचं. मला ते तळव्यातून कळायचं. बोटं आत आवळली जायची. मग तो एकदम चालायलाच लागायचा. विडीपासून तो अक्षरशः चालत चालत लांब गेला.

सगळं असं सरळ चाललं असतं, तर मला सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

त्या भाद्रपदात डाव्या बुटाची टाच सुटली. चालताना पट्‍पट् वाजायची. गोटीरामनं मिठागरातली खोप, म्हणजे राहायची झोपडी, मोडली तेव्हा तिचे खिळे एका डब्यात जपून ठेवले होते. आपल्या बापाच्या हातचे खिळे, ते टाकवेनात. त्यातलाच एक त्यानं काढला, बूट पालथा धरला आणि ओटीवर बसून टाच ठोकली. खिळा लांब होता. टाचेतून, तळातून तो आरपार आला आणि माझ्या पोटात घुसला.

गोटीरामनं मागाहून बुटात हात घालून चाचपलं बरं का. माणूस निष्काळजी नव्हता. पण वर मी होतो, जाड आणि मऊ. त्याच्या बोटांना माझं चामडं तेवढं लागलं. मला उचलून खाली बघावं, असं काही त्याच्या मनात आलं नाही. "झ्याक झाला," तो स्वतःशीच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तोच बूट घालून कामावर गेला.

मित्रांनो, माझी अवस्था तुम्ही ध्यानात घ्या. खिळा एका जागी घट्ट होता, तो वर सरकत नव्हता. मीच दबत होतो. गोटीरामचं प्रत्येक पाऊल मला थोडं आणखी चेपायचं आणि खिळ्याचं टोक त्याच्या टाचेच्या थोडं आणखी जवळ यायचं. आधी बूच गेलं. मग रबर फाटायला लागलं. मी होता नव्हता तो जीव गोळा करून त्या टोकाला धरून ठेवत होतो.

आणि तो चालत होता! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून चालत होता. ज्या चालण्यानं त्याच्या पायात रक्त येत होतं, त्याच चालण्यानं मी झिजत होतो. तो खुशीत एक फेरी जास्त मारायचा. मला वाटायचं, थांब रे बाबा, आज नको. पण सुकतळ्याला तोंड नसतं. दुसऱ्या कुणाच्या पायाला केव्हाच टोचलं असतं; त्यानं बूट काढून झटकला असता. याच्या पायाला कळणारच नव्हतं. तो बोलता बोलता खिळ्यावर उभा राहिला असता.

मी उजव्याला सांगितलं. तो बिचारा काय करणार? "धर," एवढंच म्हणायचा. "धरून ठेव."

तशात नवरात्र आलं.

घरोघर घट बसायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा बुटात, ओटीवर होतो. उंबऱ्याच्या आत आम्हाला मज्जाव. आतून आवाज चढलेले ऐकू आले.

"मी गावदेवीला बोललंय," सुमित्राबाई म्हणत होती. "गोट्याचं पाय बरं व्हऊ दे, नऊ दिस तो अनवानी ऱ्हाईल. आज घट बसले. आजपासून पायात काय घालाचा नाय."

"आय, डॉक्टरबाईंनी काय सांगितलाय? एक पाऊल अनवानी नाय!" केशरबाई म्हणाली.

"तुजी डॉक्टरीन परवा आली. देवी कवापासून हाय गावान?"

"देवीला मी कवा नाय म्हटला? पन पायात काच गेली, काटा गेला, तर यांना कलनार हाय का? तुमी शेक दिलात तवा कलला व्हता का?"

केशरबाईच्या तोंडून ते निसटलं खरं, पण तिचं तिलाच लागलं असावं. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

मग गोटीराम बाहेर आला. बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. इकडे आई, तिकडे बायको. इकडे नवस, तिकडे डॉक्टर. आणि मी आतून आकांत करत होतो: आज ऐक रे आईचं, आज नको घालूस मला! पण तेवढ्यानं तरी काय झालं असतं? रस्त्यावर नव्या इमारतींची खडी, सळया, काचा पसरलेल्या. अनवाणी गेला असता तर तिथे घात. बूट घातला तर इथे.

"आये, कारखान्यान अनवानी सोरत नाय," तो शेवटी म्हणाला. "गेटावरच थांबवतील."

त्यानं बूट चढवले.

त्या दिवशी मी हरलो. दुपारच्या फेरीत माझं वरचं चामडं टचकन फाटलं. टोक बाहेर आलं, मोज्यातून गेलं आणि टाचेच्या कातडीला भिडलं. मला ते सगळं कळत होतं. वर गोटीराम धर्मराजला सांगत होता, "आज पाय हलके वाटतात रं!" आणि जरासा गरम, चिकट असा एक थेंब माझ्यावर उतरला.

उरलेला दिवस मी कसा काढला ते विचारू नका. पोटात राहिलेलं रबर मी त्या खिळ्याभोवती आवळून धरलं होतं. संध्याकाळी त्यानं बूट काढले, मोजे तसेच बुटात कोंबले आणि पाय धुवायला गेला. टाच वळवून बघितली नाही. दुखतच नव्हतं, मग बघणार कशाला?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ओटीवर पावलं वाजली. अनवाणी पावलं. सुमित्राबाई होती. ती आमच्यासमोर बसली. तिचा बेत मला लगेच कळला, कारण ती पुटपुटत होती.

"ही गादीच नको. ही गादी आली तवापासून माज्या पोराला देवीचा इसर परला. फेकूनच देतंय खारीच्या पान्यान. मंग घालतो कसा बगतंय."

जन्मात तिनं दुसऱ्याच्या चपलेला हात लावला नव्हता. चामडं म्हटलं की अंग चोरणारी बाई. पण लेकासाठी तिनं डोळे मिटले, मोजा ओढून बाहेर टाकला, डावा बूट मांडीवर घेतला आणि आत हात घातला. मला उपटण्यासाठी तिनं बोटं टाचेपाशी जोरानं रोवली.

"आई गं!"

हात झटकन बाहेर आला. बोटाच्या टोकावर रक्त. ती त्या रक्ताकडे बघत राहिली. मग तिनं खाली पडलेला मोजा उचलला, उलटा केला आणि टाचेवरचा सुकलेला तपकिरी डाग पाहिला.

"केशर!" ती ओरडली. "केशर गं, धाव!"

केशरबाई पीठभरल्या हातांनी आली. गोटीराम डोळे चोळत आला. सुमित्राबाईनं त्याला काही विचारू दिलं नाही. त्याला खांबाशी बसवलं, त्याचा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि टाच उजेडाकडे वळवली. मधोमध मोहरीएवढा काळपट ठिपका होता, कडेनं लाल.

"कवा लागला ह्यो?"

"कुठं काय लागलाय? मना तर कायच..."

"माज्या बोटाला एका घटकेन कलला रं," सुमित्राबाई म्हणाली. "तुज्या पायाला दिसभर कलला नाय?"

गोटीरामच्या तोंडचं पाणी पळालं. केशरबाईनं मला बुटातून सोडवून उजेडात धरलं. माझ्या पोटातल्या भोकातून तिला आभाळ दिसलं असेल. तिनं मला टाकलं नाही, पिशवीत घातलं. डॉक्टरांना दाखवायला.

पहिल्या बसनं तिघं निघाली. गोटीरामच्या टाचेला स्वच्छ फडकं बांधलं होतं, पायात केशरबाईच्या भावाची मऊ, मोठी चप्पल. सुमित्राबाई अनवाणी होती. "नवस मी बोललंय, मीच फेरनार," ती म्हणाली. "माजं पाय मना सांगतात कुठं काय टोचला ता." केशरबाईनं सासूचा हात धरला आणि बस पुलावरून जाईपर्यंत सोडला नाही.

इस्पितळातल्या बाकावरचं ते वाट बघणं मला आजही आठवतं. गोटीराम आपल्या पावलाकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं. डॉक्टर वैजयंतीबाईंनी फडकं सोडलं, दिवा जवळ ओढला, कडेनं दाबून पाहिलं. पू नव्हता. त्यांनी मला हातात घेतलं, खालून वर भोक तपासलं, रबर कुठवर फाटलंय ते नखानं मोजलं.

"वरची कातडी फुटलीय. आत खोल गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "या तळाच्या जाडीनं अडवलंय. नुसता बूट असता तर पहिल्याच दिवशी खिळा मांसात गेला असता."

"मंग पाय...?" केशरबाईनं विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येणार. एवढीशी जखमही भरायला रक्त लागतं. बघू या."

बघू या! त्या दोन शब्दांवर त्या घरानं अख्खं नवरात्र काढलं. इंजेक्शन, पट्टी, घरी बसून राहणं. ठिपका एकदा आणखी काळा पडला, तेव्हा सगळ्यांनी धीर सोडला. धर्मराज भेटायला आला, ओटीवर बसून सवयीनं त्यानं विडी काढली. सुमित्राबाई म्हणाली, "इतं नाय. गावाबाहेर जाऊन फुक, नायतर टाकून दे." त्यानं खिशात ठेवली.

दिवाळी जवळ आली तशी जखम कडेनं गुलाबी दिसायला लागली. गुलाबी म्हणजे रक्त, मित्रांनो. गुलाबी म्हणजे रक्त पोचलं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विडी सोडली नसतीत आणि चालला नसतात, तर हे भरलं नसतं. हे तुमचंच काम." गोटीराम त्या दिवशी डोळे मिटून हसला.

त्याला नवे बूट आणि नवे सुकतळे मिळाले. आमची जोडी निवृत्त झाली. डॉक्टरीणबाईंनी मला मागून घेतलं, आणि उजव्याला माझ्याशिवाय करमणार नाही म्हणून केशरबाईनं हसत हसत त्यालाही देऊन टाकलं. आता आम्ही दोघं त्यांच्या टेबलावर असतो. बधिर पायांचा कुणी आला की बाई मला त्याच्या हातात देतात. तो माझ्या भोकावरून बोट फिरवतो, आणि मग वाकून आपला तळवा बघतो.

गोटीराम तपासणीला येतो, तेव्हा घरच्या गोष्टी कळतात. रोज सकाळी तो कामावर निघाला की सुमित्राबाई आधी ओटीवर येऊन बसते. एकेक बूट मांडीवर घेते, उलटा करून झटकते, आत हात घालते आणि बोटं थेट टोकापर्यंत फिरवते. मग म्हणते, "हं, घाल आता." आणि संध्याकाळी केशरबाई त्याचे तळवे दिव्याजवळ धरून बघते. शेजारणी हसतात. हसू देत.

मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. तुमच्याही घरी कुणी आजोबा असतील, मावशी असेल, ज्यांचे पाय गार पडतात, ज्यांना पायाला काही लागलेलं कळत नाही. आपल्याला काही झालं नाही, असंच ते म्हणतील. खोटं बोलतात म्हणून नव्हे. त्यांना खरंच कळत नाही. त्यांच्या पायाला गरम पाण्याची पिशवी, विस्तव, शेक लावू देऊ नका. त्यांच्याबरोबर रोज थोडं चाला, त्यांच्या चालीनं. बुटातला तळ दबला, फाटला तर हट्ट करून बदलायला लावा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. आणि उद्या सकाळी ते बूट घालायला बसतील, तेव्हा त्यांच्या पायाच्या आधी तुमचा हात आत जाऊ द्या. हळूच. अगदी टोकापर्यंत.